बिनखांबाचं विहार

खांब यायच्या आधी खांबावरची पाटी आली. काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची, आणि तिच्यावर विहाराच्या नावापेक्षा 'गजेंद्रभाऊ यांच्या सौजन्याने' हे मोठं. कोणीतरी ती टेम्पोतून उतरवून विहाराच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मी पांढुर्ण्याहून आले, बसमधून उतरले, पाटी वाचली आणि माझं डोकं फिरलं.

माझं डोकं लवकर फिरतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. मी सिव्हिल इंजिनिअर. पांढुर्ण्याला इमारतींचं डिझाइन करणाऱ्या एका सरांच्या ऑफिसात बसते. कोणता बीम किती वाकेल, त्याच्या टोकांखालच्या भिंतींवर किती भार येईल, हे काढणं माझं रोजचं काम. लोकांना वाटतं इमारत स्वस्थ उभी असते. तसं काही नसतं. बीम सतत थोडा वाकलेला असतो आणि भिंती त्याला सतत वर ढकलत असतात. जेवढं ओझं खाली, तेवढाच रेटा वर. हा हिशेब जुळतो आहे तोवर आपण आत बसून चहा पितो.

आमचं गाव सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना लागतं. गावात पहिला टीव्ही आला तो चावडीत. आमच्या मोहल्ल्यानं बसायचं ते चावडीच्या शेवटच्या खांबामागे. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. माझे बाबा, भिवाजी, तेव्हा शाळकरी. त्या जागेवरून त्यांना अर्धाच टीव्ही दिसायचा. क्रिकेट लागलं की बॉलर धावत यायचा, चेंडू सोडायचा, आणि पुढचं सगळं खांबाआड. चौकार गेला की विकेट पडली, हे पुढे बसलेल्यांच्या ओरडण्यावरून ओळखायचं. बाबा हे हसत हसत सांगतात. मला कधी हसू आलं नाही.

त्याच पोरांनी मोठं होऊन हे विहार बांधलं. दिवसा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राबायचं आणि संध्याकाळी इथं रेती चाळायची. अट एकच होती, आत खांब नको. म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग लांब बीम टाकले. कोणीही कुठंही बसलं तरी समोरची मूर्ती पूर्ण दिसते. आमच्या मोहल्ल्यातली पोरं इथंच अभ्यास करून शिकली. मीही.

यंदा उन्हाळ्यात मधल्या बीमच्या पोटाला एक बारीक चीर दिसली. सुतळी ताणून पाहिलं तर मधोमध थोडा झोळही होता. मोहल्ला घाबरला, आणि घाबरणं चूकही नव्हतं. खाली पोरं बसतात. गजेंद्रभाऊंच्या कानावर गेलं. भाऊंची बाग मोठी, मनही मोठं, आणि पुढल्या साली त्यांना जनपद पंचायतीची निवडणूक लढायची होती. त्यांनी योगेश ठेकेदाराला पाठवलं. योगेशनं मान वर करून पाहिलं आणि निकाल दिला: जॅक लावून बीम वर उचलायचा, सरळ करायचा आणि खाली मधोमध खांब द्यायचा. विहार समितीचे सचिव बाबा. त्यांनी हात जोडले आणि हो म्हटलं. मला कोणी विचारलं नाही. मी कामावर होते.

आत गेले तर फरशी फोडून खड्डाही खणून झाला होता. हॉलच्या ऐन मध्यात, मूर्तीच्या बरोबर समोर. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, योगेश टेप गुंडाळत होता, आणि बाबा उभे होते. स्वतःच्या विहारात उभे.

"जय भीम," मी म्हणाले. "हा खड्डा बुजवा."

भाऊ हसले. "आली का इंजिनिअरीन! भिवाजी, पोरगी तुयी तेज आहे बरं. काय झालं बाई?"

"खांबानं बीम तुटन, भाऊ."

"आँ? आता टेकू देल्यानं कोणी पडते काय?"

सगळे हसले. योगेश जरा जास्तच हसला. मी हसणं संपू दिलं.

"बीमच्या जाड सळ्या त्याच्या पोटाशी आहेत," मी म्हणाले. "सरांच्या ऑफिसातली, आतल्या सळ्या दाखवणारी मशीन बीमवर फिरवून मी मागच्या महिन्यातच पाहून घेतलं. ओझं आलं की बीम खाली झुकते, पोट ताणते, ते ताणणं सळ्या सांभाळतात. तुमी मधातून जॅकनं वर ढकलसान, तर पोट ढिलं पडन आणि पाठ ताणन. पाठीत काय आहे? नावाले दोन बारीक सळ्या. तो वरून फाटन."

"मॅडम, पुस्तकात असंन," योगेश म्हणाला. "आमी इतके खांब देले, एकही बीम फाटला नाही."

"पाहाले गेले होते का नंतर?"

योगेशनं टेप खिशात घातला.

"अजून एक," मी म्हणाले. "आज सगळं ओझं दोन भिंतींवर अर्धं अर्धं आहे. बीम सरळ करून मधात खांब देला तर वाटण्या बदलतात. आठातले पाच वाटे एकट्या खांबावर, आणि भिंतींकडे राहिले दीड-दीड. या भिंतींचा पाया पार मुरमात गेला आहे. तुमचा खांब कशावर उभा राहीन?"

मी खड्ड्यात हात घालून ढेकूळ काढलं. काळी माती. मे महिना, तिला हाताचं बोट जाईल अशा भेगा पडलेल्या. कापसाला सोन्यासारखी, पायाला बेइमान. पावसात फुगते, उन्हाळ्यात बसते. हे तिथल्या एकाही माणसाला सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या घरांच्या भिंती तिनं तडकवल्या होत्या.

"पावसाळ्यात हा खांब वर येईन आणि बीमले खालून रेटा देईन. उन्हाळ्यात खाली जाईन आणि नुसता पाटी धरून उभा राहीन."

भाऊंचं हसू उतरलं. "म्हणजे आमी मुद्दाम नुकसान करून राहिलो?"

"नाही भाऊ. तुमी मदतच करून राहिले. पण ही मदत नाही पाहिजे."

"प्रणाली, चूप!" बाबा ओरडले. गावासमोर ते मला कधी ओरडले नव्हते. भाऊ उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली, आणि शांतपणे म्हणाले, "भिवाजी, पोरं आत मेली तर नाव कोणाचं खराब होईन, तुयं का मायं? बुद्ध पौर्णिमेच्या आत खांब झाला पाहिजे."

"पौर्णिमेच्या आत मी दाखवते," मी म्हणाले. "गच्चीवर वीतभर पाणी भरते. या छताले जेवढं ओझं कधी पेलाचं आहे, त्याच्यापेक्षा ते जास्त होते. एक अख्खा दिवस ठेवते. माया हिशेबानं बीम गव्हाच्या दाण्याएवढा वाकन, आणि पाणी काढलं की परत वर जाईन. गेला तर खांब नाही. नाही गेला तर मी सोता तुमचा खांब उभा करून देते."

"आणि पडला तर?"

"तर मायावर पडन. मी खालीच बसते."

"पाणी नाही चढणार," बाबा म्हणाले. विहाराच्या बोअरची मोटर बाबांच्या ताब्यात असते, चावी त्यांच्या कमरेला. त्यांनी माझ्याकडे न पाहता चावीवर हात ठेवला. भाऊंनी ते पाहिलं आणि समाधानानं निघून गेले.

घरी मी भांडी आपटली. माझी आई, वच्छला, चूल सारवत होती. गॅस आहे, पण भाकरीला तिला चूलच लागते.

"बाबा, तुमाले माया हिशेबावर भरोसा नाही?"

बाबा बाजेवर बसून पायाचा अंगठा पाहत राहिले. "हिशेब मले समजत नाही, बाई. पण चीर डोळ्यानं दिसते."

"दिसते. ती पोटाची आहे, सळ्यांनी ताण घेतला की तशी बारीक चीर पडतेच. मी तिच्यावर प्लास्टरचा ठिपका लावला होता. इतक्या दिवसांत तो फुटला नाही. म्हणजे ती वाढून नाही राहिली. हे मी तुमाले सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"मग?"

बाबांनी पाय बाजेवर घेतले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊले नाही कसं म्हणू? तोंडच उघडत नाही माया. त्यायच्यासमोर उभा राहिलो का हात आपोआप जुळते."

माझा राग कुठं जावा ते मला कळेना. मला बाबांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचीच चीड आली. ज्या माणसानं खांबामागून बाहेर यायला एवढं छत उचलून धरलं, तो एका पाटीसाठी पुन्हा खांबामागे जाऊन बसायला तयार होता.

"आई, तुया चुलीची माती दे," मी म्हणाले.

"काहून?"

"बीम करते."

भुसा घातलेली माती तिनंच मळून दिली. मी हातभर लांब पट्टा थापला, खालच्या बाजूला सुतळीच्या चार दोऱ्या दाबल्या आणि वरच्या बाजूला काही नाही. एका दिवसाच्या उन्हात तो खणखणीत वाळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन विटांवर तो आडवा ठेवला आणि बाबांना बोलावलं.

पाण्यानं भरलेला तांब्या मधोमध ठेवला. पट्ट्यानं हूं की चूं केलं नाही. आईनं कौतुकानं अजून एक तांब्या ठेवला. तरीही नाही.

"आता तुमी आधार द्या," मी बाबांना म्हणाले. "खालून अंगठा लावा, मधात. वर ढकला. मदत करा त्याले."

बाबांनी तांबे उचलून बाजूला ठेवले, आणि खऱ्या बीमची टोकं भिंतीत दाबलेली असतात तशी मी पट्ट्याची दोन्ही टोकं विटांवर दाबून धरली. "असंच ना?" ते खाली वाकले आणि पट्ट्याच्या पोटाला अंगठा लावून हळूच रेटला. जोरही फार नव्हता. पट्ट्याची पाठ कट्कन उकलली. वरून खालपर्यंत, अंगठ्याच्या बरोबर वर.

बाबा अंगठा तिथंच धरून बसले. आई म्हणाली, "बाप्पा! दोन तांबे पेलले, आन् आधारानं मोडला."

"चांगल्या मनानं देला होता आधार," बाबा म्हणाले. मग त्यांनी तुकडे उचलून चुलीपाशी ठेवले.

मी सरांकडून काटा असलेलं मोजमापाचं यंत्र मागून आणलं. ते बीमला लावलं की केसाएवढं वाकणंही काटा दाखवतो. सर म्हणाले, "चाचणी नियमानं कर. खाली टेकूला लाकडी बल्ल्या उभ्या कर, बीमला न टेकवता. डोकं फिरलं म्हणून हिरो बनू नकोस." म्हणून बल्ल्या उभ्या केल्या. बीम आणि बल्लीच्या टोकामध्ये बोटभर फट सोडली. गच्चीवरचे पाइप चिंध्या कोंबून बंद केले. सगळं तयार झालं आणि पाणी मात्र चढेना, कारण चावी बाबांच्या कमरेला होती आणि बाबा सकाळपासून घरात नव्हते.

मोहल्ला जमला. भाऊही आले, योगेशला घेऊन. योगेशनं बल्ल्या पाहिल्या आणि टाळी वाजवली. "घेतलाच ना आधार, मॅडम!"

मी पिशवीतून लग्नाची एक जुनी पत्रिका काढली आणि प्रत्येक बल्लीच्या डोक्यावरून, बीमच्या खालून, आरपार फिरवून दाखवली. "हा टेकू बीमले शिवलेला नाही. बीम पडला तर झेलाले आहे. पडला नाही तर नुसता उभा राहीन. तुमाले असा खांब देता येते काय?"

तेवढ्यात मागच्या बाजूला मोटर घरघरली. मी बाहेर धावले. बाबा बोअरपाशी उकिडवे बसले होते, एक हात स्टार्टरवर. भाऊ माझ्या मागोमाग आले.

"भिवाजी, मोटर बंद कर."

बाबा उठून उभे राहिले. त्यांचे हात छातीपर्यंत आले, जुळायला आले, मी पाहिलं. मग ते तसेच खाली गेले. "नाही भाऊ," बाबा म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "पाणी चढू द्या. पोरीनं हिशेब केला आहे."

मला तर रडूच फुटणार होतं, पण यंत्र वाचायचं होतं म्हणून मी आत पळाले.

मी लोकांना बाहेर काढलं आणि खड्ड्याच्या काठाला सतरंजी टाकून बसले. वर पाणी पडत होतं, आणि छताखाली बसल्यावर तो आवाज फार मोठा वाटतो. काटा हलायला लागला. आई आत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"आई, बाहेर जा."

"हिशेब बरोबर आहे ना तुया?"

"आहे."

"मग मी बाहेर काहून जाऊ?"

मला भीती वाटत होती. खरं सांगते, वाटत होती. कागदावर बीम वाकणं वेगळं आणि आईच्या डोक्यावर वाकणं वेगळं. दुपारनंतर पाणी वीतभर होत आलं तेव्हा वर टक् असा आवाज झाला आणि चिरेजवळचा प्लास्टरचा पापुद्रा आईच्या पदरावर पडला. बाहेर किंकाळ्या उठल्या. "पडला, पडला!" योगेश रस्त्यापर्यंत पळाला, असं नंतर कळलं. मी काट्याकडे पाहिलं. काट्यानं उडी घेतली नव्हती. नुसता रंगाखालचा गिलावा होता. मी आईच्या पदरावरून तो उचलला आणि दाराशी जाऊन सगळ्यांना दाखवला. बोटांनी चुरला, त्याची पूड झाली.

"चुना आहे," मी ओरडले. "बीम नाही."

पाणी भरून मोटर बंद झाली. काटा पाच मिलिमीटरच्या जरा अलीकडे थांबला होता. गव्हाचा दाणा त्याहून किंचित मोठा असतो. पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच ठेवलं, काटा जेमतेम हलला. मग चिंध्या काढल्या. मे महिन्यात एवढं पाणी कोण वाया घालवेल? पाइपांखाली मोहल्ल्यानं ड्रम, बादल्या, घागरी लावल्या. एक घर भरून झालं की दुसरं. बाहेर घागरी भरत होत्या आणि आत बीम वर येत होता. शेवटचं पाणी गेलं, ऊन तापून उतरलं, आणि पुन्हा सकाळच्या गारव्यात मी काटा वाचला, तेव्हा तो जिथून निघाला होता जवळजवळ तिथंच येऊन बसला होता. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्यांना आकडे कळले नाहीत, काटा कळला.

"गेला ना वर?"

"गेला, बाबा."

मी बल्ल्या काढल्या. खड्डा बाबांनी स्वतः बुजवला. मुरूम टाकून धुम्मसनं ठोकला, वर नवी फरशी बसवली. ती बाकीच्यांपेक्षा उजळ दिसते, दिसू दे. पाटी त्यांनी गोणपाटात नीट गुंडाळली आणि बैलगाडीत घालून भाऊंच्या घरी पोचवली. एकटे गेले होते. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परत आले तेव्हा भूक लागली म्हणाले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुद्ध पौर्णिमेला विहार भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरं पुढे, म्हाताऱ्या भिंतीला टेकून. वंदना सुरू व्हायच्या आधी दारात गजेंद्रभाऊ दिसले. मला वाटलं नव्हतं येतील. भाऊ चपला काढून उंबऱ्यात थांबले. नेहमी कोणीतरी खुर्ची घेऊन धावायचं. त्या दिवशी कोणी धावलं नाही, आणि खुर्ची कुठं मिळते हे भाऊंना माहीत नव्हतं.

बाबा हॉलच्या मध्यात बसले होते, त्या उजळ फरशीवर, जिथं खांब येणार होता तिथं. ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच त्यांनी भाऊंकडे पाहिलं. हात मांडीवर होते.

"या भाऊ," बाबा म्हणाले. "कुठंही बसा. अठून सगळ्यायले अख्खं दिसते."